तुझ्याच हातात कशी पळत नाही

"अगं दाब की! दाब!" सासूबाई किंचाळल्या.

मी दाबतच होते. चिपळूणला त्यांच्या भाचीचं लग्न उरकून आम्ही दोघी कराडला परत निघालो होतो आणि कुंभार्ली घाट चढत होतो. पुढे जांभ्या चिऱ्यांनी काठोकाठ भरलेला ट्रक रांगत चालला होता. सरळ रस्ता लागला. समोर चिटपाखरू नव्हतं. मी गिअर खाली घेतला, हॉर्न दिला, गाडी उजवीकडे काढली आणि पाय रेटला. इंजिन जरा घुमलं. गाडी ट्रकच्या मागच्या चाकापर्यंत पोचली, मग पार पुढच्या चाकापर्यंत गेली आणि तिथून पुढे सरकेचना. ट्रकच्या बरोबरीनं चालू लागली.

तेवढ्यात वरच्या वळणातून एस.टी. उतरली.

माझा पाय पेडलसकट खाली टेकला होता. त्याच्या खाली दाबायला काही उरलंच नव्हतं. मागे जावं तर मागची जीप ट्रकला चिकटून आलेली. एस.टी.नं दिवे मारले, हॉर्न धरून ठेवला. मी फक्त तिच्या काचेवर लिहिलेलं गावाचं नाव वाचत होते. शेवटी ट्रकवाल्यानंच करकचून ब्रेक दाबला. मी त्याच्या पुढे घुसले आणि एस.टी. माझा उजवा आरसा मोडून गेली.

पुढच्या रुंद जागेत मी गाडी थांबवली. ट्रकवाला शेजारून जाताना म्हणाला, "मरायचं तर एकटी मर की! म्हातारीला कशाला घेतलीस संगं?"

सासूबाईंनी बाटलीतलं पाणी प्यायचा प्रयत्न केला, ते सगळं पदरावर सांडलं. मग म्हणाल्या, "प्रसन्नच्या हातात कशी पळते गं ही गाडी."

प्रसन्न माझा नवरा. मोटार विम्याचा सर्व्हेअर. अपघात झालेल्या गाड्या तपासायच्या, फोटो काढायचे, नुकसान किती ते ठरवायचं, हे त्याचं काम. त्यामुळे गाडीच्या बाबतीत घरातच काय, पण आमच्या सबंध गल्लीत त्याचा शब्द शेवटचा. आवाज चढवलेला मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. त्या संध्याकाळीही त्यानं आधी आम्हा दोघींना लिंबाचं सरबत करून दिलं. मोडका आरसा बघून आला, हात धुतले, माझ्यासमोर बसला.

"पाय पूर्ण दाबला होतास?"

"पूर्ण."

"तसं वाटतं माणसाला. घाबरल्यावर पाय उचलला जातो आणि आपल्याला वाटतं, दाबलाय." तो रोग्याशी बोलल्यासारखं बोलत होता. "शलाका, गाडी तीच आहे. मी चालवतो तेव्हा पळते. मग तुझ्याच हातात कशी पळत नाही?"

हा प्रश्न त्यानं पहिल्यांदाच विचारला होता असंही नाही.

मी जनावरांची डॉक्टर. पाटणच्या खोऱ्यात माझी प्रॅक्टिस. गाडी माझ्या कमाईतून, माझ्याच कामासाठी घेतलेली. त्याआधी सात-आठ वर्षं एक जुनी छोटी गाडी मी याच रस्त्यांवरून दामटली होती आणि शिरवळला शिकत असताना कॉलेजची खटारा जीपही चालवली होती. ही एसयूव्ही आली तेव्हा वाटलं, आता डोंगरावरची कुठलीही वाडी लांब नाही. पहिला आठवडा ती वाऱ्यासारखी पळाली. आणि मग माझ्या हातात ती मरगळलीच. चढावर दम टाकायची, ट्रॅक्टर ओलांडायचा म्हटलं तरी मला आधी देवाचं नाव घ्यावं लागायचं.

मी तक्रार केली तेव्हा प्रसन्न म्हणाला, "मी दाखवून आणतो." स्वतः सर्व्हिस सेंटरला घेऊन गेला, परत आला. "त्यांनी चालवून पाहिली. काही दोष नाही." मग रविवारी मला शेजारी बसवून हायवेला नेलं. गाडी अशी सुटली की माझी पाठ सीटला चिकटली. "बघ," तो म्हणाला, "पाय असा टाकायचा नाही. हळूहळू पोटात घेत दाबायचा." चौदा वर्षं गाडी चालवणारी मी, पेडल कसं दाबायचं ते त्याच्याकडून शिकत होते. पाठही करत होते. बसल्या बसल्या घरी जेवणाच्या टेबलाखालीसुद्धा मी पायानं सराव करायचे.

पुढे तो म्हणाला, "थायरॉईड तपासून घे एकदा. अंग जड पडतं त्यानं." मी तपासून घेतलं. नॉर्मल आलं. तो रिपोर्ट घडी घालून ठेवत म्हणाला, "बरं झालं. म्हणजे सरावाचाच प्रश्न आहे."

अशानं माणूस आक्रसत जातो. आधी मी कोयनेच्या पलीकडचे फोन घेणं बंद केलं. मग चढाच्या वाड्या सोडल्या. घाटातल्या त्या प्रसंगानंतर पंधरा दिवसांनी मोरगिरीच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतून एका बाईचा फोन आला. पहिलटकरू गाय, गर्भाशयाला पीळ पडलेला. लक्षणं तिनं इतकी नेमकी सांगितली की मला फोनवरच निदान झालं. असा पीळ मी कितीतरी वेळा सोडवला होता. पण त्या वाडीला जायचा रस्ता डोळ्यांपुढे आला, अरुंद, खडा, वरून उसाच्या ट्रॉल्या उतरणाऱ्या.

"दुसऱ्या कुणाला तरी बोलवा," मी म्हणाले.

"दुसरं कोण हाय डॉक्टरीणबाई? तुम्हीच या की."

"गाडी नाही माझ्याकडे," मी खोटं बोलले.

गाय गेली. वासरूही गेलं. दुसऱ्या दिवशी त्या बाईनं पुन्हा फोन केला. शिव्या द्यायला नाही, फक्त कळवायला. मला शिव्या चालल्या असत्या.

प्रसन्ननं माझ्या पाठीवरून हात फिरवला. "किती दिवस ही दगदग करणार? इथेच कराडात छोटा दवाखाना टाक. कुत्री, मांजरं. एसीत बसायचं, पाचला घरी यायचं. आणि कधी बाहेर जायचं झालंच तर मी आहे ना न्यायला." त्यानं एक गाळाही बघून ठेवला होता. मी तो बघून आले. खरं सांगायचं तर मला तो आवडलाही.

हो म्हणण्याआधी एकच गोष्ट करून बघायची ठरवली. आमच्या भागातला एक पोल्ट्रीवाला त्याच्या गाडीबद्दल सारखं सांगायचा, "कोल्हापुरात सन्मती मगदूम म्हणून हाय. लॅपटॉप लावतो आणि इंजिनाचं डोकंच बदलून देतो. पिकअप डबल!" मला वाटलं, पाय सुधारत नसेल तर गाडी सुधारून बघू. प्रसन्नला सांगायची लाज वाटली. कोल्हापुरात सेमिनार आहे असं सांगून निघाले.

उद्यमनगरात एका बोळाच्या टोकाला सन्मतीचं गॅरेज होतं. मला वाटलं होतं कोणी पोरगेला, केस रंगवलेला असेल. निघाला पन्नाशीचा, कपाळाला गंध, खिशाला चष्मा. फरशीवर तेलाचा थेंब नव्हता.

"काय तक्रार?" त्यानं विचारलं.

"पिकअप नाही. चढावर मरते. इंजिन ट्यून करून द्या."

"ही गाडी? हिला पिकअप न्हाई?" तो हसला. "मॅडम, ह्या इंजिनाला मी ट्यूनिंग करतोय ते हौस म्हणून. गरज म्हणून कुणी आलं न्हाई अजून. चला, बघू."

त्यानं लॅपटॉपची वायर डॅशबोर्डखाली जोडली, लॅपटॉप स्वतःच्या मांडीवर घेतला आणि मला चालवायला सांगितलं. आम्ही गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्याला आलो.

"दाबा."

मी दाबलं. पोटात घेत घेत, शिकवल्यासारखं.

"असं भीत भीत नगो. पार खाली दाबा."

"दाबलंय."

"न्हाई मॅडम. हितं पंचावन्न दिसतंय."

मला रडूच फुटायचं बाकी राहिलं. म्हणजे पायच. शेवटी पायच. मी म्हणाले, "तुम्हीच चालवा. माझा पाय नीट बसत नाही. घरचेही तेच म्हणतात."

आम्ही जागा बदलल्या. लॅपटॉप माझ्या मांडीवर आला. त्यानं पाय दाबला तो धाडकन, पेडल खाली आपटल्याचा आवाज मी ऐकला. पडद्यावर आकडा चढला आणि पंचावन्नवर थांबला.

सन्मतीनं मान वाकवून आकडा पाहिला. पुन्हा दाबला. पंचावन्न. गाडी कडेला घेतली, उतरला, दार उघडं टाकून खाली रस्त्यावर उकिडवा बसला आणि डॅशबोर्डच्या खाली हात घातला.

"पूर्वीच्या गाडीला पेडलपासून इंजिनापर्यंत तार असायची," हात चाचपत तो बोलत होता. "पाय दाबला की तार ओढायची. आता तार न्हाई. तुमचा पाय किती दाबला त्याचा नुसता निरोप जातोय कॉम्प्युटरला. पाय शंभर म्हणतोय आणि निरोप पंचावन्नचा पोचतोय. मग मधी कोणतरी—"

तो थांबला. हात बाहेर आला तेव्हा त्यात काड्यापेटीएवढी एक काळी डबी होती. दोन्ही बाजूंनी वायरी. त्यानं ती उलटी केली. खाली एक स्टिकर होतं, त्यावर त्याच्याच गॅरेजचं नाव.

"ही तुम्ही बसवून घेतली नव्हं?" त्यानं विचारलं. आवाज बदलला होता.

"काय आहे ते?"

तो उठून उभा राहिला. गुडघ्याची माती झाडली, ती जरा जास्तच वेळ झाडली. "नंबरप्लेट कराडची. मॅडम, तुमचे मिस्टर चष्मावाले? लई गोड बोलतात?"

मी मान हलवली.

"दीड वर्ष झालं असंल. आलते. ही डबी पिकअप वाढवायला असतीया बघा. पाय पन्नास दाबला तरी निरोप शंभरचा द्यायचा. पोरं बसवून घेत्यात. मोबाइलवरून कमीजास्त करता येती. तुमच्या मिस्टरांनी विचारलं, उलटं करता येतं का? म्हटलं, येतं की, पण कशाला? तर म्हणाले, मिसेस नवीन गाडी शिकतायत. धाडस लई करतात. दोन महिने लावतो, हात बसला की काढतो." त्यानं माझ्याकडे न बघता विचारलं, "तुम्ही कधीपासून चालवताय गाडी?"

"चौदा वर्षं."

सन्मती मगदूमनं डबीच्या वायरी ओढून काढल्या आणि मूळची वायर पेडलला जोडली. "मोबाइलवर एक करायचं आणि स्वतः बसताना दुसरं करायचं. पासवर्ड असतोय. तुम्हाला कळायचं कसं? आमचंच चुकलं मॅडम. उलटं मागणारा पहिलाच माणूस हुता तो. तिथंच इचारायला पाहिजे हुतं." मग म्हणाला, "गाडीला ट्यूनिंगची गरज न्हाई. गाडी खरी हाय. जावा तुम्ही."

डबी मी त्याच्याकडून मागून घेतली.

मला आठवत होतं ते सगळं साधंसुधं होतं. सकाळी मी बॅग भरत असायचे आणि तो खाली जाऊन गाडीची काच पुसायचा. रोज. मग दारापाशी उभा राहून मोबाइल बघायचा, किल्ली माझ्या हातात द्यायचा, "सावकाश जा" म्हणायचा. समोरच्या काकू एकदा म्हणाल्या होत्या, भाग्य लागतं असा नवरा मिळायला.

हायवेला लागले. पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या एकामागे एक लागल्या. मी पाय दाबला, सवयीनं पूर्ण दाबला, आणि गाडी झेप घेऊन दोन्ही ओलांडून गेली. मला घाबरायलाही सवड मिळाली नाही. इतकं सोपं होतं ते. दीड वर्ष मी ज्याला माझ्या अंगातला दोष समजत होते, ज्यासाठी सुई टोचून रक्त दिलं, त्याचा मागमूसही नव्हता. आनंद व्हायला हवा होता. पेठ नाक्याच्या पुढे मी गाडी बाजूला घेतली, दार उघडलं आणि भडाभडा ओकले.

मी व्यालेल्या गाईच्या पोटात अडकून सडलेला जार कोपरापर्यंत हात घालून काढलाय. किडे पडलेल्या जखमा धुतल्यात, मेलेलं वासरू गाईच्या पोटातच तुकडे करून बाहेर काढलंय आणि तासाभरानं त्याच गोठ्याच्या ओट्यावर बसून भाकरी खाल्लीय. वास येतो, पण किळस येत नाही. जनावराच्या अंगातली घाण ही घाण नसते, तो आजार असतो. किळस म्हणजे काय ते मला त्या दिवशी, उसाच्या फडाकडेला, स्वच्छ हातांनी उभी असताना कळलं.

घरी पोचले तेव्हा दिवेलागणीची वेळ होती. प्रसन्न आणि सासूबाई जेवणाच्या टेबलाशी बसून मटार सोलत होते. तो घरकामात नेहमी मदत करायचा.

"आलीस? कसं झालं सेमिनार?"

मी पर्समधून डबी काढून मटारांच्या सालांशेजारी ठेवली.

त्याची बोटं थांबली. एक शेंग अर्धी सोललेली होती, ती त्यानं पुरी सोलली, दाणे भांड्यात टाकले.

"म्हणजे सेमिनार नव्हतं," तो म्हणाला. "तू खोटं बोललीस माझ्याशी."

मी उभीच होते. मला त्या क्षणी खरंच अपराधी वाटलं, अर्धा श्वासभर. इतकं त्यानं मला तयार केलं होतं.

"हे काय आहे रे?" सासूबाईंनी विचारलं.

"तुम्हीच विचारा त्याला, आई."

"काही नाही, सेफ्टीसाठी लावलं होतं." तो माझ्याकडे वळला. "शलाका, मी रोज काय बघतो तुला माहीत आहे. गाडीच्या पत्र्यातून माणसं कापून काढतात, त्यानंतर मी जातो. सीटवर एकेक चप्पल राहिलेली असते. आणि तू त्या डोंगरात एकटी, वेळीअवेळी. मला झोप लागायची नाही."

"मग मला सांगायचंस."

"सांगितलं असतं तर तू लावू दिलं असतंस?"

"नाही."

"मग?" तो म्हणाला, जणू हिशेब जुळला.

"मी रक्त तपासून घेतलं, प्रसन्न. तुझ्यासमोर. तू रिपोर्ट वाचलास."

"ते वेगळं. तपासण्या वर्षातून एकदा करायच्याच असतात."

"टेबलाखाली पायाचा सराव करायचे मी. तू बघायचास."

त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात, अगदी क्षणभर, जे हललं ते मी पाहिलं. त्याला ते गोड वाटलं होतं. त्या दीड वर्षात मी धडपडत होते, चुकत होते, शिकवणी घेत होते, ते सगळं त्याला गोड वाटलं होतं.

"आणि घाटात?" मी विचारलं. "समोर एस.टी. होती. मी पाय पूर्ण दाबला होता. तुझी आई शेजारी होती. तू त्या संध्याकाळी इथे, याच खुर्चीवर बसून मला म्हणालास की माणसाला तसं वाटतं."

"ओव्हरटेकच करायला नको होतं. मी कितीदा सांगितलंय."

सासूबाई आता सोलायच्या थांबल्या होत्या. "प्रसन्न, मी होते रे गाडीत."

"आई, म्हणून तर." तो पटकन त्यांच्याकडे वाकला. "तू बरोबर होतीस म्हणून त्या दिवशी मी सत्तरवर ठेवलं होतं. एरवी पंचावन्न असतं."

आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलंच नाही. आईसाठी सत्तर, बायकोसाठी पंचावन्न. याचा त्यानं नीट विचार केला होता, आकडे ठरवले होते. काच पुसत, दारात उभं राहून.

सासूबाईंनी सालं एका ताटात गोळा केली. भांडं उचललं. "मी कुकर लावते," म्हणाल्या आणि आत गेल्या. मला वाटलं होतं, त्या काहीतरी बोलतील. आतून फक्त नळाचा आवाज आला.

प्रसन्ननं माझा हात हातात घेतला. मटारांचा ओला, हिरवा वास. "हे बघ, तुला इतकं लागेल असं मला वाटलं नव्हतं. आपण असं करू. डबी तशीच राहू दे गाडीत, पण पासवर्ड तुला देतो. तूच कमीजास्त कर. मी हातही लावणार नाही." मग आवाज खाली आणून, लाजल्यासारखं हसून म्हणाला, "तुला पाठच आहे तो. आपल्या लग्नाची तारीख ठेवलीय."

मी हात सोडवून घेतला आणि मोरीत जाऊन साबणानं धुतला. कोपरापर्यंत, गोठ्यातून आल्यावर धुवावा तसा.

याला आता आठ वर्षं झाली. मी पाटणला राहते, तिथेच दवाखाना आहे, आणि त्या मोरगिरीच्या वरच्या वाडीला मी महिन्यातून दोनदा तरी जाते. त्या बाईकडे आता तीन गाई आहेत. गाडी तीच आहे, बरीच चालली, पण चढावर अजून थकत नाही. लोक विचारतात की नवरा मारत नव्हता, पीत नव्हता, मग घर का सोडलं? मी डबीची गोष्ट सांगते तेव्हा ऐकणारा पुढच्या वाक्याची वाट बघत राहतो. त्याला वाटतं, खरं कारण अजून यायचंय.

पण खरं तर मी त्या संध्याकाळी घर सोडलं नव्हतं. चार दिवस तिथेच राहिले, दुसऱ्या खोलीत. वाटत होतं, चार मोठ्या माणसांनी हे ऐकावं, एकानं तरी म्हणावं की हे घाण आहे. मग काय ते ठरवू. रविवारी प्रसन्नचे बापूमामा चिपळूणहून आले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, भावकीतला वाद मिटवायला नेहमी त्यांनाच बोलवायचे. साताऱ्याहून माझा दादा आला. लहानपणी मला सायकल शिकवणारा हाच.

मी सगळं सांगितलं. घाट, पंचावन्न, सत्तर, रक्ताची तपासणी, मेलेली गाय. डबी समोर टीपॉयवर होती. सासूबाई चहा ठेवून दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या.

बापूमामांनी सगळं शांतपणे ऐकलं. "हात उगारतो का तुझ्यावर?"

"नाही."

"पैशाअडक्याचा त्रास? बाहेर काही?"

"नाही."

"मग पोरी, नवऱ्याला काळजी वाटली एवढाच त्याचा गुन्हा म्हणायचा?" त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. "आशा, तू होतीस ना गाडीत? तू बोल."

"मला त्यातलं काय कळतंय," सासूबाई म्हणाल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. कप गोळा करून आत गेल्या.

मी दादाकडे बघितलं. तो घसा खाकरत म्हणाला, "चुकलंच त्याचं. सांगून करायला हवं होतं. पण..."

त्या 'पण'च्या पुढे तो गेला नाही.

प्रसन्न मान खाली घालून बसला होता. "मी माफी मागितलीय मामा. परत मागतो." आणि त्यानं खरोखरच हात जोडले. सगळ्यांना हायसं वाटलं. बापूमामा खुर्चीत रेलले, वाद मिटल्यावर रेलतात तसे. मग सहज म्हणून त्यांनी डबी उचलली. चष्मा लावला. उलटीसुलटी करून पाहिली.

"एवढीशीच?"

"हो," प्रसन्न म्हणाला.

"बसवायला किती वेळ लागतो?"

"दहा मिनिटं. काही कापावं लागत नाही."

"आणि चालवणाऱ्याला दिसत नाही?"

"वाकून हात घातल्याशिवाय नाही."

बापूमामांनी डबी तळहातावर तोलली. "नाही, आमच्या धाकट्या सुनेनं गाडी घेतलीय. गुहागरला शाळेवर जाते. सांगून ऐकत नाही, सुसाट सोडते." त्यांनी आवाज खाली आणला, पण खोली लहान होती. "मिळतं कुठं हे?"

"कोल्हापूरला मिळायचं. आता ऑनलाइनही येतं मामा. थांबा, दाखवतो." प्रसन्ननं मोबाइल काढला. खरंच उत्साहानं काढला. गाडीचं कोणी विचारलं की तो असा खुलायचा.

खुर्ची ओढल्याचा आवाज आला. दादा पुढे सरकला होता. महिन्याभरापूर्वी त्याच्या लेकीला, तन्वीला, लायसन मिळालं होतं.

मी खुंटीवरची किल्ली घेतली, बॅग घेतली, चपला घातल्या. मला कोणी हाक मारली नाही. दारातून वळून पाहिलं तेव्हा तिघांची डोकी एका मोबाइलवर वाकली होती. मधलं डोकं दादाचं होतं.